अस्मी खेळणार नाही म्हणते

अस्मीने आता बास्केटबॉल सोडावा, असं मयेकरांच्या घरात गेली दहा वर्षं सगळेच म्हणत होते. त्यामुळे रविवारी दुपारी सुरमईचा काटा ताटाच्या कडेला ठेवत ती "मी सोडतेय" म्हणाली, तेव्हा खरं तर घरात पेढे वाटायला हवे होते.

कोणी हललंसुद्धा नाही.

"सोडतेय म्हणजे... शनिवारची फायनल झाल्यावर ना?" वेदांगने विचारलं. वेदांग तिचा धाकटा भाऊ, आणि एजंटही. त्याच्याकडे आणखी चार खेळाडू होते, पण त्याचा फोन उचलणारी ही एकटीच.

"फायनलच्या आधी. शनिवारी मी खेळत नाहीये. गुडघा गेलाय. आय ॲम डन. आई, भात."

स्मिताने भात वाढला. वाढताना पळी ताटावर जरा जोरात आपटली, एवढंच.

दुबईतल्या अल मनखूलच्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटने मयेकरांच्या पुष्कळ बातम्या ऐकल्या होत्या. धनंजयची पहिली कंपनी बुडाली ती, अरुणची नोकरी गेली ती, वेदांगने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं ती. पण त्या सगळ्या बातम्या जेवणं उरकल्यावर सांगितल्या गेल्या होत्या. इथे अजून कोंबडी-वडे यायचे होते.

पहिला आवाज धनंजयला फुटला. धनंजय अस्मीच्या बाबांचा, अरुणचा, थोरला भाऊ. गुहागरकडून शटरिंग कारपेंटर म्हणून आला, मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये वरच्या बंकवर झोपला, आणि आता त्याच कॅम्पमध्ये त्याच्या स्वतःच्या स्कॅफोल्डिंग कंपनीची पोरं झोपत होती. आपल्या आयुष्यात आपण नेहमी उंचीचाच धंदा केला, असं तो अस्मीकडे बघून म्हणायचा.

"मी दोन बस बुक केल्यात," तो म्हणाला.

"कॅन्सल करा, मोठे काका."

"कॅन्सल? पोरांना सांगून बसलोय! शनिवारी ओव्हरटाइम बंद, सगळे अबुधाबीला, आपल्या अस्मीची फायनल. बॅनर छापलाय."

बॅनरवर 'मयेकरांची वाघीण' असं लिहिलं होतं. डावीकडे अस्मीचा फोटो आणि उजवीकडे 'सौजन्य' म्हणून धनंजयचा. धनंजयचा थोडा मोठा आला होता. छापणाऱ्याची चूक, असं तो सांगत होता.

"दादा, बॅनरचं काय घेऊन बसलास?" अरुण म्हणाला. मग मुलीकडे वळून अगदी मऊ आवाजात, "पण मी काय म्हणतो अस्मी, एकच मॅच आहे. एकच. डॉक्टर काय म्हणाले?"

"गुडघा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे म्हणाले."

"आणि फायनल?"

अस्मीने भात कालवला. "एका मॅचने फरक पडत नाही म्हणाले. पण मला नाही खेळायचं. खलास."

अरुणला घाम फुटला. एसी सुरू होता, तरी फुटला. कन्सल्टंटकडे आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली माणसं निवृत्त झाली की सकाळी उठून कुठे जायचं हे त्यांना कळत नाही, पण अरुणला कळलं होतं. तो अस्मी मयेकरचा वडील झाला होता, पूर्ण वेळ. मंडळाच्या गणपतीत तो 'मुलींना घडवताना' या विषयावर बोलत असे. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत तो अस्मीच्या खांद्यापर्यंत येत होता, आणि तो फोटो त्याने स्वतः निवडलेला होता.

"गेल्या वर्षी कप आणलास," तो म्हणाला. "या वर्षी सोडून दिलास तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाबांना दुसरा विषय शोधायला हवा."

वेदांग फिसकन हसला. धनंजयची बायको रंभा मात्र हसली नाही. ती तोवर ताटात आलेला वडा तोडत गंभीरपणे म्हणाली, "मी बोलू का?"

कोणी होकार दिला नाही, पण रंभा परवानगीसाठी थांबणारी नव्हती.

"तेव्हा मी ओरडून ओरडून सांगत होते, सोड, सोड. बेळगावचं स्थळ आणलं होतं, मुलगा सहा फूट पाच. थोडा गुटखा खायचा, पण उंची बघ ना. तेव्हा ऐकलं नाहीस. आता एकतिसाव्या वर्षी सोडून काय उपयोग? आता निदान कप तरी घेऊन ये. शोकेसमध्ये जागा केली आहे मी."

"तुमच्या शोकेसमध्ये? माझा कप?"

"मग कोणाच्या? तुझ्या आईकडे शोकेस आहे कुठे?"

अस्मी उठली. ती उठली की त्या खोलीतलं छत प्रत्येकाला थोडं खाली आल्यासारखं वाटायचं. ती सहा फूट सहा इंच होती. उजव्या पायावर भार न देता ती बेसिनपाशी गेली, हात धुतले, आणि आपल्या खोलीचं दार तिने हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटलं.

*

अस्मी टीमची सेंटर. सेंटर म्हणजे काय, हे धनंजय आपल्या पोरांना असं समजावत असे: "बास्केटच्या खाली एक रंगवलेला चौकोन असतो. तो आपला प्लॉट. सेंटरने त्यात पाय रोवायचे आणि दुसऱ्या कोणाला तिथे बांधकाम करू द्यायचं नाही."

अस्मीने इतकी वर्षं कोणाला बांधकाम करू दिलं नव्हतं. दुबईच्या शाळेतून ती अमेरिकेतल्या कॉलेजात गेली, तिथून तुर्कस्तान, पोलंड, हंगेरी, आणि एक सीझन चीनला. तुर्कस्तानातल्या एका वर्तमानपत्राने तिला 'कुलूप' म्हटलं होतं. ते कात्रण अरुणने लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं होतं आणि आल्यागेल्याला तो ते मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला तुर्की येत नव्हतं, पण पाहुण्यांनाही येत नव्हतं. समोरच्या टीमच्या सेंटर तिच्याशी गाठ पडायची म्हटलं की आदल्या दिवशी तापाने फणफणायच्या. मग ती अबुधाबीच्या क्लबकडे आली, घराजवळ म्हणून, आणि आखातातल्या क्लबांच्या स्पर्धेत तिने पहिल्याच वर्षी सगळ्यांना गप्प केलं.

हे सगळं स्मिताने विमानतळांवरून आणि फोनवरून पाहिलं होतं. आता ती किचनमध्ये ताटं विसळत होती आणि रंभा तिच्या पाठीशी उभी राहून उरलेल्या वड्यांवर झाकण घालत होती.

"एका अर्थी बरंच झालं म्हणा," रंभा हळू आवाजात म्हणाली. नवऱ्याच्या समोर एक आणि किचनमध्ये दुसरं, हा तिचा जुना शिरस्ता. "गुडघा गेला तर उद्या जमिनीवर मांडी घालून बसता येणार नाही पोरीला. तू खूश असशील ना आतून?"

"नाही," स्मिता म्हणाली.

"काय?"

"तिने खेळायला हवं, वहिनी."

रंभाने झाकण तसंच हातात धरलं. "अगं, तूच ना टर्मिनलवर माझ्या खांद्यावर रडायचीस? 'पुरे झालं, परत ये' म्हणून?"

"रडायचे."

"मग आता काय झालं?"

स्मिताने नळ बंद केला. ती स्वतः पाच फूट अकरा इंच होती. लग्नात ती फोटोसाठी गुडघे वाकवून उभी राहिली होती, कारण अरुण पाच सहा होता आणि सासूबाईंनी साडीच्या निऱ्यांत कोणाला कळणार नाही असं सुचवलं होतं. ते गुडघे पुढे तसेच राहून गेले. बसमध्ये, लिफ्टमध्ये, मंडळाच्या हळदीकुंकवात ती नेहमी कुठेतरी टेकून, थोडी वाकून, मान एका बाजूला करून उभी राहायची. अस्मी तेरा वर्षांची असताना शाळेच्या पीटीच्या सरांनी बोलावून "मॅडम, हिला वाकू देऊ नका" असं सांगितलं, तेव्हा स्मिता ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिली होती. बराच वेळ.

"मला ते पॉइंटबिइंट अजून कळत नाहीत वहिनी," ती म्हणाली. "दोन कधी मिळतात आणि तीन कधी, देव जाणे. पण ती त्या चौकोनात जाऊन उभी राहते ना, पाठ सरळ करून, दोन्ही हात वर... मला तेवढंच बघायचं असतं."

हे रंभाला नवीन होतं. तिने झाकण ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मग जा आणि सांग तिला. इथे भांड्यांना काय सांगतेस?"

*

खोलीत अस्मी जमिनीवर पाय पसरून बसली होती. पलंग तिला कधीच पुरला नव्हता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती, आणि समोर वेदांग मोबाइल हातात घेऊन उभा होता.

"ताई, मी क्लबला काय सांगू? नी म्हणून सांगू?"

"नी म्हणूनच सांग."

"पण नी नाहीये ना."

अस्मीने वर बघितलं. वेदांगला तिच्याकडे वरून बघायची संधी क्वचित मिळायची.

"बहारीनच्या टीमशी झालेली मनामाची मॅच मी चारदा बघितली," तो म्हणाला. "थर्ड क्वार्टर. फातूमाता."

"शट अप, वेदांग."

"ती आफ्रिकेतली, मालीची पोरगी. वीस-एकवीसची असेल. तू पोझिशन घेतलीस, तिने मागून ढकललं, आणि तू—"

"आय नो व्हॉट हॅपन्ड. मी होते तिथे."

"तू हललीस."

खोलीत बर्फाच्या पिशवीतून पाणी टपकत होतं. अस्मीने ती उचलून बाजूला ठेवली.

"बारा वर्षांत मला कोणी हलवलं नव्हतं," ती म्हणाली. "तू बास्केटखाली उभा राहिलेला नाहीस, तुला नाही कळणार. पाठीला समजतं रे. मागे कोण आहे, किती जोर आहे. तिने हात टेकवला आणि मला समजलं की मी जाणार. आणि मी गेले. दोन पावलं. भाजीवाल्याची गाडी सरकवावी तसं. आणि तिला कळलं की मी गेले. ती हसलीसुद्धा नाही. शी वॉज सरप्राइज्ड!"

"मग?"

"मग आता ती शनिवारी परत येणार. आणि मोठे काका दोन बस भरून माणसं आणणार. बाबा फेसबुक लाइव्ह करणार. आणि सगळ्यांसमोर एक पोरगी मला चार क्वार्टर इकडून तिकडे ढकलणार. नो, थँक यू."

दाराशी स्मिता उभी होती. कधीची ते दोघांनाही कळलं नाही.

"वेदांग, बाहेर जा. काकूला गाडीपर्यंत सोड."

"काकू निघाली?"

"नसेल निघाली तर तिला निघायला सांग."

वेदांग गेला. स्मिता लेकीच्या शेजारी खाली बसली, जरा कण्हत. दोघींचे पाय पलंगाखाली जाऊन पलीकडे निघाले.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

अस्मीने बर्फाची पिशवी पुन्हा गुडघ्यावर ठेवली. "हो."

"बरं."

"बरं काय, आई? काहीतरी सांग ना. खेळू नकोस सांग. एवढी वर्षं सांगत होतीस, आजच नेमकी का गप्प?"

"कारण तेव्हा तुला खेळायचं होतं. मला माहीत होतं तू ऐकणार नाहीस, म्हणून मी बिनधास्त बोलत होते."

अस्मीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "आणि तिने मला पाडलं तर?"

"पाडलं तर पडशील. तुला उचलायला चार माणसं लागतील, ती भाऊजी दोन बस भरून आणतायतच."

"आई!"

"मी खरंच सांगते. तू पडलीस तर तेही बघायला मी येणार. नवीन साडी नेसून येणार. तू जिंकतेस म्हणून मी येते असं तुला वाटत असेल तर तुझ्या बापाला विचार, मला निम्म्या वेळा कोण जिंकलं ते घरी आल्यावर सांगावं लागतं." स्मिता उठायला लागली, जमेना, लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "नाही खेळायचं तर नको खेळूस. पण गुडघ्याचं नाव सांगू नकोस. तो बिचारा काही बोलत नाहीये."

अस्मीने त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. सोमवारी ती प्रॅक्टिसला गेली नाही. मंगळवारी तिने बाबांना त्यांचं फेसबुक लाइव्ह करू नका म्हणून सांगितलं, आणि अरुणला त्यातून अर्थ काय काढायचा हे समजेना. बुधवारी ती प्रॅक्टिसला गेली.

*

अबुधाबीच्या त्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी चार वाजता धनंजयची पोरं सर्वांत आधी येऊन बसली होती. खेड, गुहागर, पाथर्डी, बीड, सगळीकडची. त्यातल्या बहुतेकांनी बास्केटबॉल टीव्हीवरही पाहिला नव्हता. पण ढोल आणला होता, तो सिक्युरिटीने दारात ठेवून घेतला. बॅनर आत येऊ दिला. गर्दीत तो नीट ताणला गेला नाही. डावी बाजू दुमडली आणि संपूर्ण पहिला क्वार्टर हॉलला फक्त धनंजय दिसत राहिला.

पहिला क्वार्टर अस्मीने म्हटलं होतं तसाच झाला. बहारीनच्या क्लबची फातूमाता सहा फूट चार होती, अस्मीपेक्षा बुटकीच, पण तिचे खांदे दरवाजासारखे होते. ती पाठीमागून यायची, कमरेने एक रेटा द्यायची आणि अस्मी चौकोनाबाहेर. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी अस्मी पडली. फळी कोसळावी तसा आवाज झाला.

"अरे ए शिट्टीवाल्या!" धनंजय उभा राहून ओरडला. "डोळे गावी ठेवून इलंस काय? फाऊल दी, फाऊल!" रेफरी सर्बियाचा होता.

अरुणने मोबाइल खिशात घातला. त्याने लाइव्ह केलंच होतं, चोरून, आणि आता त्याला ते कुणी बघायला नको होतं. "बस झालं," तो पुटपुटला. "सोड गं बाई. नको खेळूस. मी चुकलो."

"आता?" रंभा त्याच्याकडे बघून म्हणाली. "रविवारी काय बोलत होतात भावोजी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना जाऊ दे मसणात. ती उठत का नाहीये?"

अस्मी उठत नव्हती, कारण ती खाली बसून विचार करत होती. फिजिओ धावत आला, त्याला तिने हाताने थांबवलं. पाठीला समजतं, असं ती वेदांगला म्हणाली होती. आत्ता पाठीला एक वेगळीच गोष्ट समजली होती. रेटा देण्याच्या आधी ती पोरगी क्षणभर श्वास रोखायची. दर वेळी. ताकद इतकी होती की बाकी काही शिकायची तिला अजून गरजच पडली नव्हती. अस्मीलाही त्या वयात पडली नव्हती.

ती उठली. स्मिता टाळ्या वाजवत होती. तिच्या बाजूला बसलेल्या इजिप्शियन बाईला वाटलं, ही विरुद्ध टीमची असावी.

दुसरा क्वार्टर अस्मीने रेटे खात तो श्वास ओळखण्यात घालवला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिने पुन्हा चौकोनात पाय रोवले, हात वर करून बॉल मागितला आणि पाठ मागे टेकली. मागे श्वास थांबला. रेटा आला, आणि त्याच क्षणी अस्मी तिथे नव्हती. ती डाव्या पायावर नुसती बाजूला झाली. अख्ख्या ताकदीने ढकलायला निघालेली फातूमाता मोकळ्या हवेला ढकलून तीन पावलं पुढे गेली, आणि तिच्यामागे अस्मीने वळून, उडी न मारता, बॉल बास्केटमध्ये ठेवला. फळीवर डबा ठेवावा तसा.

मग पाथर्डीचा एक जण ओरडला, "हुकली!"

त्यानंतर पोरांना खेळ समजला. फातूमाता मागून आली की सगळे श्वास धरायचे आणि ती तोंडघशी पडता पडता सावरली की "हुकली!" म्हणून छत उडवायचे. तिने जोर वाढवला, मग ती आणखी हुकली. तिने जोर कमी केला, तर अस्मी जागची हलेना. मारामारी ताकदीची राहिली नाही आणि पोरीला दुसरी मारामारी येत नव्हती. अस्मीचा उजवा पाय आता ओढत होता, वळताना चेहरा वाकडा होत होता, पण ती वळत होती. शेवटच्या मिनिटाला स्कोअर सारखा झाला तेव्हा अरुणने पुन्हा मोबाइल काढला आणि रंभाने त्याच्या हातावर फटका मारला.

मग अबुधाबीच्या दुसऱ्याच एका पोरीच्या हातून बॉल निसटला, बहारीनने तो पळवला, आणि मॅच दोन पॉइंटने गेली.

"आपण जिंकलो ना?" स्मिताने विचारलं.

"हरलो, आई," वेदांग म्हणाला.

"असं होय," असं म्हणून ती टाळ्या वाजवतच राहिली.

*

ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मयेकर मंडळी रांगेने उभी होती. रंभाने शोकेसमधल्या जागेचं काय करायचं यावर विचार सुरू केला होता. धनंजय पोरांना बसकडे पाठवून आला होता आणि "मॉरल व्हिक्टरी" हा शब्द दर दोन वाक्यांनी वापरत होता.

अस्मी बाहेर आली, गुडघ्याला बर्फ बांधलेला, केस ओले. तिच्यामागून धावत फातूमाता आली. गळ्यात मेडल होतं. जवळून बघितल्यावर ती अगदीच लहान दिसत होती, कपाळावर दोन मुरमं होती.

"प्लीज," ती तुटक इंग्लिशमध्ये म्हणाली. "तो मूव्ह. तू निघून जातेस. मला आधी का कळत नाही? तुला कसं कळतं, मी कधी ढकलणार? मला दाखव."

अरुणच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळाच्या पुढच्या भाषणाचा शेवट त्याला समोर दिसत होता.

अस्मीने त्या मुलीकडे बघितलं. आत्तापर्यंत ती ज्यांच्याकडे बघायची त्यांना मान वर करावी लागायची. हिला फार करावी लागत नव्हती. अस्मीने हात पुढे करून तिच्या गळ्यातलं मेडल सरळ केलं.

"नो," ती म्हणाली.

"नो?"

"नो, हबीबती. शोध तुझं तू. मला दहा वर्षं लागली."

फातूमाता आधी गोंधळली, मग तिचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू तिच्या लक्षात काहीतरी आलं. ती मोठ्याने हसली, अस्मीच्या दंडावर एक बुक्का मारला आणि पळत गेली. बुक्का जोरातच होता.

"शी!" रंभा म्हणाली. "एवढी पोर विचारायला आली."

परतताना वेदांग गाडी चालवत होता. पुढच्या सीटवर अस्मी, सीट शक्य तितकी मागे. तिच्या मागे अरुण, पाय पोटाशी घेऊन, शेजारी स्मिता, आणि मागच्या रांगेत धनंजय आणि रंभा. दुबईच्या रस्त्याला लागेपर्यंत सूर्य खाली गेला होता आणि आकाश धुळीने तांबूस झालं होतं. मग स्मिताने विचारलं, "काकूचं बरोबर आहे गं. का नाही सांगितलंस तिला? जाता जाता शिकवलं असतंस, तर काय बिघडलं असतं?"

"जानेवारीत त्यांची मॅच आहे ना आमच्याशी," अस्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"आमच्याशी म्हणजे?" वेदांगने रस्ता सोडून सरळ तिच्याकडे बघितलं.

"आमच्याशी म्हणजे आमच्याशी. रोड बघ."

अरुण दोन सीटच्या मधून पुढे वाकला.

"पण गुडघा!" अरुण म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत ना? एका मॅचचं वेगळं, सीझनचं वेगळं!"

"माहितीये बाबा. गुडघा माझा आहे. सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीये. तो नाही म्हणाला तर नाही. तो हो म्हणाला तर जानेवारी."

"अगं, पण सन्मानाने थांबावं माणसाने!" मागून धनंजय. "आता थांबलीस तर मॉरल व्हिक्टरी आहे!"

"बेळगावच्या मुलाने गुटखा सोडलाय म्हणे," रंभा म्हणाली.

"काकू, त्याचं लग्न झालंय," वेदांग म्हणाला. "तुम्हीच तर आहेर पाठवलात."

"झालं असेल. त्याला भाऊ आहे."

मग सगळे एकदम बोलू लागले. अस्मीने आता खेळ का सोडावा याची कारणं दोन्ही रांगांमधून एकमेकांच्या डोक्यावरून पुढे येऊ लागली, रविवारी जी तिने का सोडू नये म्हणून दिली गेली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त. स्मिता तेवढी गप्प होती. वेदांगचा एक्झिट चुकला आणि गाडी शारजाच्या दिशेने लागली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अस्मीने ते सगळं ऐकून घेतलं. मग गुडघ्यावरचा बर्फ वर सरकवला आणि सीट आणखी थोडी मागे ढकलली.

"बाबा," ती म्हणाली, "सरका जरा."

अरुण सरकला.